डाव्या स्पीकरचा घसा बसला: क्रॉसओव्हरच्या सहा कपॅसिटरचं प्रकरण

शेजारच्या काकांकडे स्पीकरची एक जोडी आहे, पस्तीस वर्षांपूर्वीची. खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वर बारीक सुरांसाठी एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर, मागे दोन टर्मिनल. साधा टू-वे बॉक्स. शेवटची सात-आठ वर्षं ती चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडून होती. बाहेर काढून लावल्यावर काकांचं निदान एका वाक्यात आलं: "अरे, डाव्याचा घसा बसलाय." लगेच दुसरं वाक्य: "कपॅसिटर गेले असणार. चांगले भारीतले आणून टाक." पहिलं वाक्य पूर्ण खरं निघालं. दुसरं थोडंसंच.

सुरुवात बरी केली. अँप्लिफायरच्या मागच्या वायरी उजवीकडच्या डावीकडे केल्या. घसा डाव्या बॉक्सचाच बसलेला राहिला, म्हणजे दोष अँप्लिफायरचा किंवा वायरीचा नव्हता. मग एक मीटरवर माइक ठेवून दोन्ही बॉक्स एकाच जागी आळीपाळीने मोजले. ४ किलोहर्ट्झपर्यंत दोघे बरोबर चालत होते, त्यावर डावा जवळपास ४ डेसिबल खाली. बोलणाऱ्याने तोंडावर रुमाल धरावा तसा आवाज.

यानंतर ट्वीटरची अदलाबदल करून पाहायला हवी होती. दहा मिनिटांचं काम, चार स्क्रू. ते मी केलं नाही, कारण "जुना स्पीकर म्हणजे सुकलेले कपॅसिटर" हे समीकरण माझ्याही डोक्यात घट्ट बसलेलं होतं. मी थेट वूफर काढला आणि आत हात घातला.

आतली क्रॉसओव्हरची फळी, म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारी गाळणी, साधी होती. कॉइल वरच्या सुरांना अडवते, कपॅसिटर खालच्या सुरांना. वूफरच्या वाटेत ०.८ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिच्या पुढे वूफरला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शिवाय ६.८ ओहमचा रेझिस्टर आणि १५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची एक जोडगोळी, तीही वूफरला समांतर. हिला झोबेल म्हणतात. टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या ओटो झोबेल या अभियंत्याचं नाव स्पीकरच्या पोटात असं टिकून आहे. वूफरची व्हॉइस कॉइल स्वतःच एक कॉइल असल्याने वरच्या सुरांना तिचा अडथळा वाढत जातो. झोबेल तो सपाट करतं, म्हणजे क्रॉसओव्हरला समोर स्थिर ओझं दिसतं. ट्वीटरच्या वाटेत ४.७ आणि २.२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकमेकांना समांतर, बेरीज ६.९. त्यांच्या पुढे ०.४ मिलिहेन्रीची समांतर कॉइल, आणि ट्वीटरला थोडं वेसण घालायला २.७ ओहमचा रेझिस्टर.

२.२ चा कपॅसिटर पिवळा, पॉलिएस्टर फिल्मचा. बाकीचे तिन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतले नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक, ५० व्होल्टचे. दोन बॉक्सचे मिळून असे सहा.

नेहमीच्या इलेक्ट्रोलायटिकला प्लस-मायनस असतं, कारण त्याच्या एकाच अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर ऑक्साइडचा पातळ थर मुद्दाम वाढवलेला असतो. उलटा विद्युतदाब दिला की तो थर तग धरत नाही. स्पीकरमधला प्रवाह तर दर क्षणी दिशा बदलतो, म्हणून नॉन-पोलरमध्ये दोन्ही पट्ट्यांवर तो थर चढवतात. मधल्या कागदात द्रव मुरवलेला असतो. तो द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतो, आणि मग कपॅसिटरच्या आत एक नको असलेला रेझिस्टर मोठा होत जातो. त्यालाच ईएसआर म्हणतात. वापराविना पडून राहिलं तर ऑक्साइडचा थरही अशक्त होतो. त्यामुळे जुन्या नॉन-पोलरची व्हॅल्यू नेहमी घटतेच असं नाही. बऱ्याचदा ती वाढलेली सापडते. "सुकला म्हणजे कमी झाला" हा समज इथे फसवतो.

मोजायला एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणारा) होता. पहिलं मोजमाप मी आळशीपणाने फळीवर जागच्या जागी घेतलं. १० मायक्रोफॅरडच्या टोकांवर मीटर भलताच आकडा दाखवू लागला. तो आकडा त्या कपॅसिटरचा नव्हताच, सगळ्या गल्लीचा होता: बाजूला झोबेल, पलीकडे वूफर. मग प्रत्येकाचा एक पाय सोल्डरमधून मोकळा केला आणि १ किलोहर्ट्झवर मोजलं.

४.७ मायक्रोफॅरड: डाव्यात ५.६, ईएसआर २.४ ओहम, उजव्यात ४.९, १.० ओहम.
१० मायक्रोफॅरड: डाव्यात ११.८, ०.९ ओहम; उजव्यात १०.९, ०.६ ओहम.
१५ मायक्रोफॅरड: डाव्यात १४.२, ३.१ ओहम, उजव्यात १६.८, ०.५ ओहम.

पिवळे पॉलिएस्टर मात्र २.१९ आणि २.२१. पस्तीस वर्षं गेली याचा त्यांना पत्ताच नाही. फिल्मच्या कपॅसिटरमध्ये सुकायला काही नसतंच. ते काढून टाकायचं कारण नव्हतं, आणि शेवटपर्यंत काढलेही नाहीत.

डाव्याचे तिन्ही इलेक्ट्रोलायटिक उजव्यापेक्षा थकलेले दिसले आणि मला वाटलं, चोर सापडला. नवीन ४.७ चा कपॅसिटर क्लिपने तात्पुरता लावून डावा बॉक्स परत मोजला. ४ डेसिबलची खोट जेमतेम सव्वातीनवर आली.

तेव्हा कुठे कागद-पेन्सिल घेतली. खरं तर ती क्लिप लावायच्या आधी घ्यायला हवी होती. डाव्याच्या ट्वीटरच्या वाटेत ६.९ ऐवजी ७.८ मायक्रोफॅरड झाले होते. ०.४ मिलिहेन्रीच्या कॉइलबरोबर हिशेब केला तर गाळणीचा कोपरा (ज्या फ्रिक्वेन्सीपासून ती सूर अडवू लागते तो) सुमारे ३०३० हर्ट्झवरून २८५० वर उतरतो. म्हणजे ट्वीटरला थोडं जास्तच मिळायला हवं, कमी नाही! व्हॅल्यूची चूक तक्रारीच्या उलट दिशेला होती. आता ईएसआर. ट्वीटरकडे जाणाऱ्या प्रवाहापैकी सुमारे सात-दशांश ४.७ च्या फांदीतून जातो आणि उरलेला पॉलिएस्टरमधून. त्यामुळे २.४ ओहमपैकी ट्वीटरच्या वाट्याला साधारण सव्वा ओहम येतो. कपॅसिटर नवा होता तेव्हाही तिथे अर्ध्या ओहमच्या आसपास असणारच. वाढ पाऊण ओहमची, आणि ट्वीटर अधिक रेझिस्टर मिळून ओझं साडेनऊ-दहा ओहमचं. यातून पाऊण डेसिबलसुद्धा निघत नाही. चार डेसिबलमधले उरलेले तीनहून अधिक कपॅसिटरच्या खात्यावर टाकायला जागाच नव्हती.

आता ते चार स्क्रू काढले. डाव्याचा ट्वीटर उजव्यात, उजव्याचा डाव्यात. बसका घसा ट्वीटरबरोबर उजवीकडे गेला.

मल्टिमीटरवर दोन्ही ट्वीटरच्या कॉइल सारख्या होत्या, ६.१ आणि ६.० ओहम. जळालेलं काही नाही. पण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला अडथळा किती याचा आलेख काढल्यावर फरक डोळ्यात भरला. चांगल्या ट्वीटरला ११०० हर्ट्झच्या आसपास एक बुटका, गोलसर उंचवटा होता. तो त्याचा नैसर्गिक अनुनाद. बसलेल्याला तिथे उंचवटाच नाही, कुणीतरी हाताने दाबून धरल्यासारखी सपाट रेघ. या ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड असतं: चुंबकाला चिकटून राहणारा तेलकट काळा द्रव, व्हॉइस कॉइलच्या भोवतीच्या फटीत भरलेला. तो कॉइलची उष्णता बाहेर नेतो आणि अनुनादाला आवर घालतो. काही दशकांनी त्याचं तेल कमी होतं, उरतो तो काकवीसारखा चिकट गाळ. कॉइल त्यात रुतून बसते.

साफसफाईचं लांबण लावत नाही. या ट्वीटरचा पुढचा भाग घुमटासकट सुटा होत होता, हे नशीब. टिपकागदाच्या पट्ट्या फटीत फिरवून गाळ काढला, स्क्रूड्रायव्हर चुंबकापासून दूर ठेवला, आणि योग्य घट्टपणाचं नवं फेरोफ्लुइड मोजून घातलं. उजव्याचंही त्याच वेळी केलं. "चांगला" म्हणवणारा उजवाही त्यानंतर वर जवळपास एक डेसिबल मोकळा झाला. आपण ज्याच्याशी तुलना करत होतो, तोही निम्मा आजारीच होता.

घसा सुटला. तरी कपॅसिटरचा प्रश्न उरलाच. आकडे समोर होते: डावा-उजवा जुळत नव्हता, झोबेलचा १५ तर साफ गेलेला होता. बदलायचे होतेच. बदलायचे कशाने, यावर काका आणि मी दोन संध्याकाळी वाद घातला.

काकांचं म्हणणं सरळ होतं. फळी उघडलीच आहे तर सगळीकडे पॉलिप्रॉपिलीन टाक, ते सगळ्यात चांगले. पॉलिप्रॉपिलीन फिल्म ही उत्तमच वस्तू आहे. १ किलोहर्ट्झवर तिचा लॉस फॅक्टर (वाया जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण) ०.०००५ च्या आत राहतो, पॉलिएस्टरचा ०.००५ च्या आसपास, आणि नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिकचा नवा असतानाही ०.०२ ते ०.१. म्हणजे ईएसआर जवळजवळ शून्य, आणि म्हातारपण नाही. पण ज्याने हा बॉक्स बांधला त्याने कान आणि मीटर लावून ट्वीटरचा २.७ ओहमचा रेझिस्टर ठरवला, तेव्हा फळीवर इलेक्ट्रोलायटिकच होते. त्यांचा अंगभूत रोध त्याने हिशेबात धरलेला होता, कळत वा नकळत. तो काढून घेतला तर जुना स्पीकर दुरुस्त होत नाही, थोडा वेगळाच स्पीकर तयार होतो. तो कुणाला आवडेलही. पण मग त्याला दुरुस्ती म्हणू नये.

म्हणून माझ्यासाठी प्रश्न "सगळ्यात चांगला कपॅसिटर कोणता" हा नव्हता. हा भाग नवा होता तेव्हा किती मायक्रोफॅरड आणि किती ओहम होता, आणि त्या जागेवर त्या ओहमने काय फरक पडतो, एवढंच शोधायचं होतं.

ट्वीटरच्या वाटेपासून सुरुवात केली, कारण इथे कपॅसिटर थेट सुरांच्या रस्त्यात उभा आहे आणि व्हॅल्यू लहान आहे. ४.७ ला पॉलिप्रॉपिलीन, २५० व्होल्ट, अधिक-उणे ५ टक्के. आकार जुन्याच्या दुप्पट, पण फळीवर मावतो. त्याच जातीचा एक नवा नॉन-पोलर ४.७ मुद्दाम आणून मोजला होता. त्याचा ईएसआर ०.९ ओहम भरला. वर किलोहर्ट्झ वाढत जातात तसा तो थोडा उतरतो. म्हणून ४.७ च्या फांदीत, फक्त त्याच फांदीत, ०.८२ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाकला. पिवळा पॉलिएस्टर बाजूला तसाच. नव्या इलेक्ट्रोलायटिकची नक्कल झाली, आणि ही नक्कल कधी सुकणार नाही.

तो रेझिस्टर क्लिपच्या वायरने शॉर्ट करून काका ऐकत बसले, मी माइकवर मोजत बसलो. फरक एक-तृतीयांश डेसिबलचा. काका म्हणाले, "शॉर्ट केल्यावर 'स' जरा टोचतो." मग मी त्यांना न सांगता पाच-सहा वेळा आलटूनपालटून लावलं आणि त्यांचे अंदाज निम्मे चुकले. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं. रेझिस्टर तरीही ठेवला. या बॉक्समध्ये त्याने फारसं काही बिघडत नाही, घडतही नाही. पण ४ ओहमचा ट्वीटर असता, पुढे वेसणीचा रेझिस्टर नसता आणि सगळा भार एकाच इलेक्ट्रोलायटिकवर असता, तर हाच फरक एक डेसिबलच्या घरात गेला असता. तिथे पॉलिप्रॉपिलीन नुसतं टाकून मोकळं झालं की लोक "आवाज उघडला" म्हणतात आणि महिन्याभराने डोकं दुखतं म्हणून आवाज कमी करतात.

वूफरला समांतर असलेला १० मायक्रोफॅरड वेगळ्या जागी आहे. वूफरकडे जाणारे वरचे सूर तो बाजूच्या वाटेने परतवतो. इथे जुन्या जातीचाच, कमी लॉसचा नवा नॉन-पोलर घेतला, १०० व्होल्टचा. आठ घेतले, मीटरवर जोड्या लावल्या, १०.१ आणि १०.१ असे दोन निवडले. माझ्या मते १० टक्के चूक दोन्ही बॉक्समध्ये सारखी असली तर खपते. एका बाजूला ५ वर आणि दुसऱ्या बाजूला ५ खाली असली तर गाणारा मधोमध उभा राहत नाही. जोडी जुळणं हे छापील अचूकतेपेक्षा महत्त्वाचं.

"तीस वर्षांनी हे परत सुकतील ना?" काकांनी विचारलं. सुकतील. पण स्पीकरच्या फळीवर कपॅसिटरला पॉवर सप्लायसारखी ऊब सोसावी लागत नाही. इलेक्ट्रोलायटिकबाबत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुपटीच्या आसपास जातं. गार जागेत ते बरीच वर्षं काढतात. "मग सुकू देत," काका म्हणाले, "तेव्हा तूच बघ."

झोबेलच्या १५ ला तर फारच थोडा विचार लागला. त्याच्या मालिकेत आधीच ६.८ ओहम बसलाय. कपॅसिटरचा अर्धा ओहम वर-खाली झाला तर कुणाला कळणार? साधा नवा नॉन-पोलर. इथे महागडी फिल्म लावणं म्हणजे उंबऱ्याखालच्या दगडाला पॉलिश करणं.

व्होल्टचा मुद्दा वारंवार निघतो म्हणून लिहितो. काकांचा अँप्लिफायर ८ ओहमला ६० वॅटचा. म्हणजे सुमारे २२ व्होल्ट आरएमएस (परिणामकारक मूल्य), माथ्यावर ३१. मूळ ५० व्होल्ट पुरेसे होते, १०० निर्धास्त. ४०० किंवा ६३० व्होल्टची फिल्म घेतली तर आवाज सुधारत नाही, डबा मोठा होतो.

दोन सल्ले आले आणि दोन्ही मी नाकारले. एक, मोठ्या कपॅसिटरला ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा फिल्म समांतर लावावा म्हणजे वरचे सूर "खुलतात". ६.९ च्या शेजारी ०.१ म्हणजे त्यातून जाणारा प्रवाह शेकड्यात दीड. खुलायला एवढं पुरत असेल तर तापलेल्या कॉइलचा रोध बदलतो तेव्हा सगळं कोसळायला हवं. दुसरा, नव्या कपॅसिटरला शंभर-दोनशे तास "वाजवून मुरवावं". मी पहिल्या दिवशी मोजलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या जोडीत दोन महिन्यांनी मीटरवर काहीच बदल नव्हता. मुरतं ते लोणचं आणि ऐकणाऱ्याचा कान.

काय लावू नये, तेही सांगतो. प्लस-मायनसवाला एकटा इलेक्ट्रोलायटिक अजिबात नाही. त्याचे दोन नग पाठीला पाठ, म्हणजे मायनसला मायनस जोडून, लावले तर नॉन-पोलर तयार होतो; व्हॅल्यू निम्मी होते आणि ईएसआर दुप्पट. अडीनडीला चालतं, मुक्कामाला नाही. मोठ्या व्हॅल्यूचे छोटेसे सिरॅमिक कपॅसिटर दिसायला मोहक असतात, पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांची व्हॅल्यू त्यांच्यावरच्या व्होल्टबरोबर बदलते. मग गाणं जोरात गेलं की क्रॉसओव्हर स्वतःच सरकतो.

बसवताना एकच भानगड झाली. पॉलिप्रॉपिलीनला सोल्डरिंगची आच सोसत नाही, फिल्म लवकर मऊ पडते, म्हणून मी डाग झटपट उरकत होतो. त्या घाईत जुन्या फळीवरचा एक तांब्याचा टिकला उचकटून आला. तिथे कपॅसिटरचा पाय वाकवून थेट शेजारच्या कॉइलच्या टोकाला झाळला. नवे कपॅसिटर मोठे असल्याने एखादी कॉइल सरकवावी असा मोह झाला होता, तो आवरला. दोन कॉइल जवळ आल्या किंवा एकमेकींना समांतर झाल्या की एकीतला आवाज दुसरीत उतरतो. मूळ फळीवर त्या काटकोनात ठेवल्या होत्या त्या उगाच नाही. मोठे नग फळीला गोंद आणि नायलॉनच्या पट्टीने बांधले, कारण वूफर जोरात हलला की बॉक्सच्या आत सैल वस्तू खडखडते, आणि तो खडखडाट शोधायला गेलं की परत कपॅसिटरवरच संशय येतो.

शेवटच्या मोजणीत दोन्ही बॉक्स २०० हर्ट्झपासून वरपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत एकमेकांबरोबर चालत होते. काढलेले सहा इलेक्ट्रोलायटिक फेकले नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी लावली, डावा की उजवा, किती मायक्रोफॅरड, किती ओहम, आणि पाकिटात घालून डाव्या बॉक्सच्या आतल्या भिंतीला चिकटवलं. पाकिटावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "आधी ट्वीटर बघ."